स्थळ-क येथील न पडलेला डोंगर

धारमाळचा डोंगर पडला. श्रावण संपता संपता, भर दुपारी, माझ्या दादाच्या सभागृहासकट तो ओढ्यात उतरला. माणूस एकही गेला नाही.

आता हे विसरून जा. डोंगर पडलेलाच नाही, असं मला लेखी कळवण्यात आलं आहे. मी आपत्ती-जोखीम या विषयातली संशोधक आहे, त्यातही 'उदयोन्मुख' गटातली, आणि उदयोन्मुख माणसानं लेखी कळवलेल्या गोष्टीवर वाद घालायचा नसतो. तेव्हा डोंगर जागेवर आहे असं धरून पुढे जाऊ.

माझं नाव विभावरी चाळके. डोंगराच्या पोटाला कान लावून बसणं हे माझं काम.

ते असं चालतं. इंटरनेटसाठी गावोगावी जमिनीत काचेच्या तंतूंच्या केबल पुरल्या आहेत. केसाएवढ्या त्या काचेतून प्रकाशाचा एक ठोका सोडला, की त्यातला किंचित प्रकाश वाटेत जागोजागी अडखळून मागे परततो. तंतू कुठे कणभर ताणला गेला, दबला किंवा थरथरला, तर नेमका तिथून परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे ज्या केबलवरून गाव मालिका बघतं, तीच केबल प्रत्यक्षात डोंगरभर पसरलेले हजारो कान असते. फक्त टोकाला ऐकणारं यंत्र हवं. आमच्या यंत्राला आम्ही 'कानोसा' म्हणतो.

दुसरी गोष्ट, उतार एकदम कोसळत नाही. आधी तो सरकतो, आपली नखं वाढतात त्या बेतानं. मग थोडा जास्त, मग आणखी जास्त. या वेगानं एक या आकड्याला भागायचं आणि येणारे आकडे आलेखावर मांडायचे. वेग वाढत जातो तशी आलेखावरची रेघ खाली उतरते. ती शून्याला टेकते तेव्हा डोंगर पडतो. एवढंच माझं संशोधन. बाकीची दोनशे पानं संदर्भसूची आहे.

कानोशाचा एक तोटा आहे. त्याला डोंगर ऐकू येतो, तशी माणसंही ऐकू येतात. बोलणं नाही, पण पावलं. वर्षभरात मला आमच्या खालच्या वाडीतलं प्रत्येक माणूस पावलावरून ओळखता येऊ लागलं. दादा टाच आपटत चालतो. रखमाकाकूंची पावलं तीन ठोक्यांची. दोन पायांचे दोन आणि काठीचा एक. सरपंच रोज संध्याकाळी देवळामागे जाऊन बराच वेळ निश्चल उभे राहतात, हे मी एकदा गमतीनं बोलून गेले. त्यानंतर सरपंचांनी विडी सोडली आणि माझ्याशी बोलणंही सोडलं. लग्न जमवायला आलेल्या एका मामांनी तर सरळ विचारलं, "मुलगी रात्री नवऱ्याच्या पावलांवर पण यंत्र लावणार का?" मी म्हटलं, केबल जिथवर जाते तिथवर. ते स्थळ तिथंच मोडलं.

स्थळावरून आठवलं. माझ्या प्रबंधात धारमाळचं नाव कुठंच नाही. अभ्यासाच्या गावाची बदनामी होऊ नये म्हणून नाव लपवायचं, असा नीतिमत्ता समितीचा दंडक आहे. त्यामुळे मी जन्मले, वाढले, ओढ्यात बुडता बुडता वाचले ते गाव कागदोपत्री 'स्थळ-क' झालं.

आणि वार्षिक 'उदयोन्मुख संशोधक परिषदे'च्या आयोजकांना या वर्षी निसर्गरम्य जागा हवी होती. त्यांना स्थळ-क आवडलं. त्यांनी ते धारमाळ या नावानं निवडलं, आणि तेच स्थळ-क आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दादा मात्र हवेत होता. एसटीतली नोकरी सोडून त्यानं डोंगराच्या कमरेवर सभागृह बांधलं होतं. आजवर तिथे बारशी, साखरपुडे आणि एक बैलांच्या डॉक्टरांचं शिबिर एवढंच झालेलं. "विभे, शास्त्रज्ञ येतायत माझ्या हॉलमधी," तो गावभर सांगत सुटला होता. "आणि भाषण आमच्या विभीचं."

परिषदेच्या सकाळी मी स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. माझ्या सादरीकरणातला आलेख महिनाभरापूर्वीचा होता. म्हटलं, ताजा बघू.

रेघ खाली गेली होती. उतरत वगैरे नाही, थेट जिन्याची पायरी चुकल्यासारखी. माझ्या शेजारी पोहे खात बसलेला इरफान मुल्ला माझ्याच वर्गातला. तो पुरासाठी भोंगे बनवतो. त्यानं चमचा खाली ठेवला.

"ही शून्याला कधी टेकते?"

"दुपारी."

"आजच्या?"

"नाही, सोयीनं बघून सांगेल. आजच्याच रे!"

"मग फोन लाव ना!"

लावला. इथे एक खुलासा. मधल्या काही वर्षांत कोणीही उठून इशारे देऊ लागलं होतं. इतके भोंगे इतक्या वेळा खोटे वाजले, की भोंगा वाजला की लोक चहा टाकू लागले. म्हणून नियम झाला: मान्यताप्राप्त भाकीतच जाहीर करता येईल. विनामान्यता इशारा देणं गुन्हा. मान्यता कोण देणार? परिषदेचं परीक्षक मंडळ. तीन सह्या झाल्या की नियंत्रण कक्ष भोंगा वाजवतो, गाड्या पाठवतो, वाडी रिकामी करतो. सह्या नसतील तर फोनवरची बाई म्हणते, "आपले भाकीत मान्यताप्राप्त असल्यास एक दाबा. मान्यतेच्या प्रतीक्षेत असल्यास कृपया प्रतीक्षा करा." आणि सनई लागते.

थोडक्यात, दुपारच्या आत मला तीन सह्या हव्या होत्या. नाहीतर हा हॉल, त्यातली माणसं आणि खाली आमची अख्खी वाडी.

मी माझ्या मार्गदर्शक डॉ. उकिडवे मॅडमना गाठलं. त्या मुख्य पाहुण्यांच्या नारळाला हळदकुंकू लावत होत्या.

"मॅडम, माझं सादरीकरण सगळ्यात आधी घ्या. स्थळ-क आज पडतंय."

"आधी सत्कार आहेत, विभावरी. आणि हळू बोल. स्थळाची ओळख पटेल असं काही बोलायचं नाही."

"मॅडम, आपण स्थळावर उभ्या आहोत."

मॅडमनी पायाखाली बघितलं. मग माझ्याकडे. "मग तर जास्तच जपायला हवं."

सत्कार झाले. शाल, श्रीफळ, शाल, श्रीफळ. ज्यांचा सत्कार झाला त्यांनी सत्कार करणाऱ्यांचा सत्कार केला. एका शालीवर किमतीची चिठ्ठी राहिली होती, ती काढण्यात बराच वेळ गेला. इरफान माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये बघायचा आणि डोळे मिटायचा.

शेवटी माझं नाव पुकारलं. परीक्षक तीन. अध्यक्ष डॉ. बेलसरे, खांद्यावर शाल, कपाळावर ओलं गंध. डॉ. वाघुळदे बाई, हातात लाल पेन. तिसरे परीक्षक परदेशातून पडद्यावर होते, पण केबल ताणली जात असल्यामुळे त्यांचं चित्र तोंड उघडं असतानाच गोठलं होतं. नियमानुसार ते हजर धरले गेले.

मी सगळं सांगितलं. काचेचा तंतू, परतणारा प्रकाश, सरकता उतार, उतरती रेघ. शेवटच्या पानावर ताजा आलेख लावला आणि म्हटलं, "रेघ दुपारी शून्याला टेकते. आपल्या तीन सह्या मिळाल्या तर वाडी खाली करता येईल. आत्ता. कृपा करून."

टाळ्या पडल्या. मग 'मार्गदर्शनपर अभिप्राय' सुरू झाले.

"विषय चांगला निवडलाय," वाघुळदे बाई म्हणाल्या. "पण डोंगर एकच का घेतला?"

"मॅडम, पडतोय तो हाच."

"तुलनेसाठी न पडणारा एक हवा होता. आणि रेघेचा रंग लाल का? वाचणाऱ्याच्या मनात भीती निर्माण होते."

"ती व्हावी म्हणूनच..."

"हे पूर्वग्रहदूषित झालं मग." त्यांनी लाल पेनानं तसं लिहून घेतलं.

बेलसरे सरांनी घसा साफ केला. "चाळके, तुमच्या पिढीची एक अडचण आहे. घाई. आज दुपारी म्हणे! अहो, निदान एक पावसाळा निरीक्षणं वाढवा. पुढच्या वर्षी सुधारून आणा, आम्ही इथंच आहोत."

"सर, इथं नसणार आहात."

"म्हणजे?"

मॅडम मागून मान हलवत होत्या, नको नको. मी माईक दोन्ही हातांनी धरला.

"स्थळ-क म्हणजे धारमाळ. हाच डोंगर. हाच हॉल. तुमची खुर्ची आत्ता सरकते आहे, सर."

मला वाटलं, झालं, आता उठतील. बेलसरे सर खरंच उठले.

"आपण अभ्यासस्थळाची गोपनीयता भंग केली आहे," ते म्हणाले. "भर सभेत. आता या अभ्यासाला मान्यता सोडाच, त्याचा विचारही मंडळाला करता येणार नाही. बसा. पुढचे, इरफान मुल्ला."

इरफान व्यासपीठावर गेला, माईक घेतला आणि म्हणाला, "ती म्हणते ते खरंय, पळा." त्याला घंटा वाजवून सांगण्यात आलं की आधी नाव, संस्था आणि शीर्षक.

मी बाहेर आले तर ओट्यावर दादा उभा. हातात चहाचा ट्रे. चहा सगळा बश्यांत सांडलेला.

"माझ्या हॉलमधी," तो म्हणाला, "माझ्याच माईकवर सांगितलंस, की माझा हॉल पडणार."

"दादा, ऐक..."

"वर्षभर माझ्याच पायाखाली यंत्र लावून बसलीस. तेव्हा बोलली नाहीस?"

"तेव्हा नखाएवढं सरकत होतं. असे कितीतरी डोंगर आयुष्यभर सरकतात आणि पडत नाहीत."

"मग हा पण नाही पडणार. माझा जन्म गेला इथं. तू भाषण कर, डोंगर माझ्यावर सोड."

त्याच्याशी वाद घालणं म्हणजे एसटी स्टँडवर चौकशी करण्यासारखं असतं. माहिती मिळते, पण आपण विचारलेली नाही. मी लॅपटॉप त्याच्यापुढे धरला.

"मागच्या वाटेवरून चाल."

"कशाला?"

"चाल तर."

तो चिडून टाच आपटत निघाला. पडद्यावर ठक, ठक, ठक असे काळे ठिपके उमटू लागले. मी पडदा त्याच्याकडे वळवला. त्याला ते दिसलं. तो थबकला, पुन्हा दोन पावलं टाकली, पुन्हा दोन ठिपके. क्षणभर त्याला मजाच वाटली.

"हा मी?"

"हा तू. आता उभा राहा. हलू नकोस."

तो उभा राहिला. श्वाससुद्धा रोखून. त्याचे ठिपके थांबले. पण त्यांच्या खाली, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक जाड काळी पट्टी थरथरत पुढे सरकत राहिली.

"मी उभा आहे ना?" दादानं विचारलं.

"हो."

"मग हे कोण चालतंय?"

त्यानं ट्रे ओट्यावर ठेवला. सभागृहाच्या भिंतीवर एकदा हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मग डोळे पुसले आणि एकदम मालकाच्या आवाजात म्हणाला, "वाडीचं मी बघतो. मसालेभाताचे टोप टेम्पोत टाकतो, पलीकडं शाळेच्या पटांगणावर नेतो, आणि सांगतो की शास्त्रज्ञांकडून गावजेवण आहे. जिलबीसकट. वाडी अर्ध्या वाटेत मला मागं टाकील. पण ह्या तुझ्या लोकांचं काय? ह्यांना तर डोंगर पडतोय सांगून पण उठत नाहीत."

खरंच, काय सांगितलं की ही माणसं उठतात? आगीच्या घंटेला ती चर्चेत घेतात. जेवणाला उठतात, पण तीन रांगा लावून, ताटाचं कौतुक करत. मी वर्षानुवर्षं त्यांच्या परिषदा बघितल्या होत्या. आठवून आठवून एकच गोष्ट सापडली.

मी आत गेले, मॅडमच्या कानाशी लागले. म्हटलं, "मॅडम, अनुदानाच्या अहवालासाठी लोकसहभागाचा फोटो लागतो. फलक धरून, ग्रामस्थांसोबत. दादानं पलीकडच्या पटांगणावर अख्खं गाव जमवलंय. उजेड आत्ता छान आहे, नंतर जाईल."

मॅडमनी घड्याळ पाहिलं नाही. त्यांनी माईक घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "ग्रुप फोटो."

हॉल रिकामा झाला. मी तसा वेग कुठल्याही आलेखावर पाहिलेला नाही. बेलसरे सर शाल सावरत सगळ्यांच्या पुढे होते, मधली जागा मिळावी म्हणून. इरफाननं परदेशी परीक्षकांचा गोठलेला पडदासुद्धा उचलून घेतला; गणसंख्येचा प्रश्न नको.

ओढ्यापलीकडे, उंचावर, शाळेचं पटांगण. वाडी आधीच पोचली होती आणि जिलबीवर होती. सरपंच माझ्याशी कित्येक महिन्यांनी पहिलं वाक्य बोलले, "भात थोडा खारट झालाय." मी लॅपटॉप उघडला. डोंगरावर आता एकही पाऊल नको होतं.

होतं. ठक, ठक, टक. ठक, ठक, टक.

"दादा, रखमाकाकू कुठायत?"

वहिनी म्हणाली, "आत्ता होत्या की. फोटो हाय म्हणल्यावर चांगलं लुगडं नेसून येते म्हणाल्या."

फोटोची युक्ती माझी होती. मला एकदम काही सुचेनासं झालं. दादानं मात्र विचारसुद्धा केला नाही. तो ओढ्यात उतरला, पलीकडे चढला, आणि माझ्या पडद्यावर टाच आपटणारे ठिपके धावू लागले. खाली ती काळी पट्टी आता थरथरत नव्हती, वाहत होती. पटांगणावर फोटोग्राफर ओरडत होता, "मागची रांग, फलक अजून वर! डोंगर झाकला तरी चालेल, पाटी पूर्ण आली पाहिजे!"

ठक ठक ठक. मग तीन ठोक्यांच्या पावलांशी येऊन थांबले. मग तीन ठोके बंद झाले आणि टाचेचे ठिपके दुप्पट जड होऊन परत फिरले. त्यानं काकूंना पाठीवर घेतलं होतं. मी पडद्याला नख लावून त्यांच्याबरोबर चालत होते, वाडीचा कोपरा, हौद, चिंच, ओढा. ओढ्यावर केबल संपते. ठिपके संपले. मी मान वर केली तेव्हा दादा काठावरून वर येत होता, आणि त्याच्या पाठीवर रखमाकाकू, हिरव्या इरकली लुगड्यात, काठी उंच धरून, त्याला शिव्या देत.

"अर्धं नेसले होते मेल्या, अर्धं!"

मग जे झालं नाही ते असं झालं. आधी पक्षी उठले. मग चिंचेचं झाड उभ्याउभ्या चालत खाली आलं, अजिबात न वाकता. त्याच्यामागे दादाचं सभागृह आलं, छपरासकट, खुर्च्यांसकट, स्वागताच्या कमानीसकट. आणि मग आवाज आला, जो कानांना नाही तर पायांना ऐकू आला. त्यानंतर नुसती लाल माती. वाडीतली निम्मी घरं तिच्याखाली. मी जन्मले ते घरही. दादा काकूंना खाली ठेवायला विसरून तसाच उभा होता.

त्याच क्षणी कॅमेऱ्याचा आवाज झाला.

तो फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. सगळे छान आलेत. मागे जो डोंगर पडतोय, तो फलकाने पूर्ण झाकला आहे.

दोन महिन्यांनी मला परीक्षक मंडळाचं पत्र आलं. नोंदणीच्या व्याख्येप्रमाणे जीवितहानी नसेल तर ती आपत्ती नव्हे, 'भूरूपातील बदल'. आपत्ती झाली नाही, म्हणजे माझं भाकीत खोटं ठरलं. शिवाय परिषदेच्या दिवशी सभागृह पूर्ण क्षमतेने भरलेलं असल्याची नोंद अध्यक्षांच्या सहीने आहे, आणि त्यांपैकी कोणालाही इजा नाही, यावरून सभागृह सुरक्षित असल्याचं सिद्ध होतं. पद्धतीला मान्यता हवी असल्यास त्याच स्थळी, त्याच परिस्थितीत प्रयोग पुन्हा करून दाखवावा.

दादानं पत्र दोनदा वाचलं. तो आता वहिनीच्या माहेरी राहतो, दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. "मग माझा हॉल गेला कुठं?" त्यानं विचारलं.

"शेवटचं पान बघ. 'उतारावरील बांधकाम संबंधितांनी स्वतःहून हटवले.'"

तो बराच वेळ हसला, मीही हसले. मग म्हणाला, "हसू नको, विभे. पुढं काय?"

पुढं हे, की घाटाच्या पलीकडच्या अंगाला दुसरं गाव आहे. नाव सांगता येत नाही. तिथली केबल मी परवा जोडून घेतली. तिथे लहान मुलांची खूप पावलं आहेत, आणि त्यांच्याखाली एक बारीक काळी पट्टी. कानोशाला मान्यता नाही, म्हणून मी इशारा दिला तर गुन्हा. नियंत्रण कक्षाला फोन केला. सनई तीच आहे.

म्हणून अर्ज केला. तो जसाच्या तसा:

प्रति, मा. अध्यक्ष, परीक्षक मंडळ.

विषय: प्रयोगाच्या पुनरावृत्तीबाबत.

महोदय, आपल्या पत्रातील सूचनेनुसार अर्जदार सदर प्रयोग पुन्हा करण्यास तयार आहे. त्यासाठी स्थळ-क येथील डोंगर ओढ्यातून उचलून पूर्वस्थितीत बसवून मिळावा. त्यावर सभागृह, चिंच, हौद व खालची वाडी आहे तशी उभी करून, मंडळाच्या तिन्ही सदस्यांना पूर्वीच्याच खुर्च्यांवर बसवण्यात यावे. या खेपेस ग्रुप फोटो ठेवू नये.

तसेच, वरीलप्रमाणे कार्यवाही पूर्ण होऊन तीन सह्या मिळेपर्यंत, स्थळ-ख येथील डोंगरास जागच्या जागी थांबण्याचे लेखी आदेश आपल्या स्तरावरून तातडीने द्यावेत, ही नम्र विनंती.